चव्वेचाळीस बारा

लकडगंजात दुपारी दोनला
आरायंत्रंसुद्धा जेवायला बसतात.
तेवढ्या शांततेत करसनभाई म्हणाले,
"शेवंताबेन, दोन देशांचा हिशेब काढा.
मलेशिया किती, व्हिएतनाम किती, वर्षवार.
बँकेला दाखवायचाय."

माळ्यावरून उतरवली एकवीस वर्षं.
आधी लाल कापडाच्या वह्या, मग रेक्झिनच्या,
मग नुसत्या फायली,
शेवटी रबरबँड गुंडाळलेला एक पेनड्राइव्ह.
प्रत्येक पानावर तोच आकडा, चव्वेचाळीस बारा:
सीमाशुल्काच्या भाषेत प्लायवुडचं नाव.
दहा म्हणजे भुसा दाबलेला,
अकरा म्हणजे लगदा दाबलेला.
जंगल इतकं बारीक करून मोजता येतं
हे मला या खुर्चीनं शिकवलं.

सुरुवातीला मलेशिया एकटाच.
न्हावाशेव्याहून रेल्वेनं अजनीच्या डेपोत उतरायचा,
लालसर, जड,
कंटेनर उघडला की
गोदामभर ओल्या गोणपाटाचा वास.
सातव्या वहीत समासात
कुणीतरी पेन्सिलनं लिहिलंय:
नमुना. व्हिएतनाम. पाच नग.

पाच नग!
लग्नात आलेल्या अनोळखी पाहुण्यासारखे,
कोणाकडून आलेत
विचारायचं राहून गेलेले.

नवव्या वर्षी दोन कंटेनर. दहाव्या वर्षी एकही नाही.
का, ते कोणी लिहिलं नाही.
तेराव्या वर्षी अकरा.
मग मलेशियाची रेघ उतरू लागते,
सीताबर्डीच्या टेकडीवरून उतरावं तशी, घाई न करता,
आणि दुसरी चढते.
पंधराव्या वर्षी, ऑगस्टात, दोघी भेटतात.
आलेखावर तिथं एक फुली पडते.

त्या महिन्यात मी काय करत होते?
दोन्ही बिलं माझ्याच अक्षरात आहेत,
एकाच पेनानं, एकाच दिवशी.
फुली पडली, मला कळलंही नाही.
कूलरचं पाणी संपलं होतं बहुतेक.

तेवढ्यात लांजेवार मिस्त्री आले, नेहमीसारखे,
काम नसताना.
दोन तक्ते भिंतीला टेकवले होते,
दोन देशांचे, अठरा एमएम, आठ बाय चार.
त्यांनी दोन्हींवर बोटाच्या पेरानं टकटक केलं,
कान लावला.
"सारखेच बोलून राहिले, बाई.
काहून भांडण लावून राहिली तू यायचं?"

मी रेघा दाखवल्या.
त्यांनी तक्त्याची कड दाखवली:
"हे पाय. एक पापुद्रा उभा, एक आडवा.
सारेच उभे ठेवशीन
तं मे महिन्यात पुंगळी होते त्याची.
एकमेकाले आडवे जातेत, म्हणून सरळ राह्यते."
मग थोडं थांबून,
"आलापल्लीचा साग कुठं लिहिला यात?"

नव्हता.
पहिल्या चार वह्यांत होता तो.
डेपोच्या लिलावाच्या पावत्या,
ओंडक्यांवर हातोड्याचे शिक्के,
मिस्त्रींच्या रंध्यातून निघालेली, कानातल्या रिंगांसारखी साल.
पाचवीपासून पानं कोरी.
कुठलीच सीमा ओलांडली नव्हती त्यानं,
म्हणून त्याला चव्वेचाळीसमधला आकडा नव्हता.
आणि करसनभाईंनी दोनच देश विचारले होते.

तिसरा रकाना आखला.
खोडला.
परत आखला, फिकट.

मिस्त्री गेल्यावर पेन खाली पडलं.
उचलायला वाकले तर दिसलं,
ज्या टेबलावर बारा वर्षं मी दोन देश लिहिते
त्याच्या पोटाशी एक अर्धं स्टिकर.
नखानं धूळ काढली.
'मेड इन' तेवढं उरलंय.
पुढचं कोणाच्या तरी गुडघ्यांनी,
बहुतेक माझ्याच,
घासून घासून नेलंय.

"झाला का हिशेब?" आतून आवाज.
आरायंत्र सुरू झालं होतं.
मी काय उत्तर दिलं
ते मलाही ऐकू आलं नाही.